म्हशीएवढं ताट

पितळी ताटलीत मैनाबाईच्या दुधाचे आठ-दहा थेंब होते. तानुबाई सुईणीनं उंबऱ्याजवळून एक काळी मुंगी चिमटीत धरून आणली आणि त्यात सोडली. मुंगीनं पाय झाडले, थोडी वळवळली आणि थांबली.

"पाह्य," गोदाबाई म्हणाली. "मेली."

गोदाबाई मैनाबाईची सासू. तिनं ताटली अंगणात नेऊन शेजारणींनाही दाखवली. मैनाबाईचं दूध विषारी आहे, हे तेवढ्यावर ठरलं. त्याच दुधानं तिची आधीची दोन लेकरं खाल्ली होती आणि आता मांडीवरची सत्तर दिवसांची मुलगी त्याच वाटेनं निघाली होती.

दुधात पडलेली मुंगी बुडते. तिला पोहता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण हे म्हणायला त्या अंगणात कोणी नव्हतं. होती ती मैनाबाई, आणि तिनं बोलायचं नव्हतं.

ही गोष्ट माझ्या आईच्या माहेरच्या बायकांनी एकमेकींना सांगत आजवर आणली. मला ती शालूमावशीनं सांगितली. माझी मुलगी दोन महिन्यांची झाली, घरी आलेल्या प्रत्येकीनं माझ्या ताटात डोकावून "हे खाऊ नको, ते खाऊ नको" म्हणून घेतलं आणि मी एकदा सगळ्यांसमोर रडले, त्या आठवड्यात. नावं, गाव आणि भांडण मावशीचं. मधली जागा मी भरली आहे. राग कोणाचा किती, ते आता वेगळं काढता येत नाही.

मैनाबाईचं माहेर पातूरकडचं. सासर अकोटपासून दोन कोसांवर, काळ्या जमिनीचं. सासरे खुशालराव, नवरा चंद्रभान. ती लग्न होऊन आली तेव्हा ते घर चारचौघांसारखंच होतं. सकाळी ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, तुरीचं वरण, पावसाळ्यात अंबाडीची भाजी. बाळंतीण झाली तरी तेच, फक्त भाकरीवर तूप जास्त.

मग तिकडे सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस यायचा बंद झाला आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवाहवासा झाला. वर्षभरात भाव असे चढले की अकोटच्या बाजारातून परतणारी माणसं एकमेकांकडे बघून नुसती हसायची. खुशालरावांनी ज्वारीची शेतं मोडून कापूस लावला. गोठ्यात नवी म्हैस आली, बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू आले, गोदाबाईच्या दंडात वाकी आली. आणि घरात तांदूळ आला.

वऱ्हाडात तांदूळ पिकत नाही म्हटलं तरी चालेल. तो पूर्वेकडून यायचा, लमाणांच्या बैलांच्या पाठीवर, अमरावतीच्या पेठेत. सणाला वाटीभर शिजायचा. आता गोदाबाईनं ठरवलं की आपल्या घरची बाळंतीण भातच खाईल.

"ज्वारी काय, सारं जग खाते," ती पाणवठ्यावर सांगायची. "आमच्या सुनेले पांढराशुभ्र भात हाये. सव्वा महिना नाई, लेकराले दात येईपर्यंत."

तो पांढरा व्हावा म्हणून दोन बाया तो तीनदा कांडायच्या. कोंडा निघायचा तो म्हशीला. मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत सात वेळा धुवायचा. ते धुवण म्हशीला. मग भरपूर पाण्यात शिजवून पेज काढायची. पेजही म्हशीला. उरलेला भात मैनाबाईला, वर तूप आणि खडीसाखर.

बाकीचं एकेक करून बंद झालं. वरण वातूळ. भाजीनं लेकराला हगवण लागते. तीळ उष्ण. जवस अंगावर उठतो. ज्वारी जड. प्रत्येकाला कारण होतं आणि प्रत्येक कारण कोणीतरी मायेनं सांगितलेलं होतं, याचाच मला संताप येतो. कोणी तिला उपाशी ठेवत नव्हतं. तिला दिवसातून तीनदा आग्रह करून वाढत होते.

पहिली मुलगी झाली, गुटगुटीत. अडीच महिन्यांनी तिचा आवाज बसला. तोंड उघडायची, चेहरा लाल व्हायचा, अंग थरथरायचं, आणि आवाज नाही. रडणं दिसायचं, ऐकू यायचं नाही. मग दूध ओकायला लागली, पाय सुजले, श्वास लागला. चार दिवसांत गेली. नजर लागली म्हणाले.

दुसरा मुलगा झाला. यावेळी नजरेची काळजी घेतली आणि पथ्य आणखी कडक केलं. पहिल्या खेपेला मैनाबाईला कधीमधी डिंकाचा लाडू तरी मिळायचा, तोही उष्ण म्हणून बंद झाला. मुलगा पावणेतीन महिन्यांचा झाला आणि त्याचाही आवाज बसला. तसंच तोंड, तसाच लाल चेहरा. तो तीन दिवसांत गेला.

मी माझ्या मुलीच्या डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या लेकराचं निदान मी करणार नाही, पण अशी लक्षणं मी पुस्तकात वाचली आहेत. आईच्या दुधाबद्दल लोकांना वाटतं तसं नसतं, असं त्यांनी समजावलं. आईनं वांगं खाल्लं म्हणून दूध बिघडत नाही, अर्धपोटी राहिली तरी ते सहसा पाणचट होत नाही. तिचं शरीर आपल्यातलं काढून लेकराला देत राहतं. पण काही थोड्या गोष्टी अशा आहेत की त्या आईच्या ताटात नसल्या तर दुधातही फार काळ राहत नाहीत. त्यातलं एक जीवनसत्त्व धान्याच्या कोंड्यात असतं, डाळीत, तिळात, जवसात असतं. ते संपलं की अंगावर पिणाऱ्या लेकराचा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आवाज जातो, हृदय थकतं, आणि लेकरू अचानक जातं. तेच जीवनसत्त्व पोटात गेलं तर तितक्याच लवकर सावरतं.

म्हणजे म्हशीच्या घमेल्यात गेलं ते.

तिसऱ्या खेपेला पुन्हा मुलगी झाली. गोदाबाईनं तोंड फिरवलं आणि चंद्रभानसाठी दुसरी बायको बघायची बोलणी उघड सुरू झाली. पथ्य मात्र सुटलं नाही, कारण पथ्य हा घराचा मान होता. सत्तराव्या दिवशी सकाळी मैनाबाईनं मुलीला अंगावर घेतलं, मुलगी तोंडातलं सोडून रडायला लागली आणि त्या रडण्यात खरखर होती. मैनाबाईला ती खरखर ओळखीची होती. तिनं सासूला हाक मारली. सासूनं सुईणीला बोलावलं. सुईणीनं मुंगी आणली.

मुंगी मेल्यावर गोदाबाई म्हणाली, "आता पाजू नको तिले. साखरपानी दे."

"साखरपान्यावर जगन का ते, आत्याबाई?"

"तुह्या दुधावर तरी कोनतं जगलं?"

दूध पाजायला दाई लावायचं कोणी म्हणालं नाही. मुलगा असता तर त्याच घटकेला गाडी जुंपून चार गावं पालथी घातली असती. मुलीसाठी साखरपाणी.

दुपारी सगळे कापसाच्या मागे गेले. मैनाबाईनं मुलीला लुगड्यात गुंडाळलं आणि मागच्या दारानं निघाली. लेकराला दात येईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, असा गोदाबाईचा नेम होता. ती शिवारातून सरळ चालत ओढ्याकाठच्या मळ्यात गेली. तिथे सत्यभामा माळीण वांग्याच्या वाफ्यात निंदत होती. तिचा सहा महिन्यांचा सहदेव बांधावर झोळीत झोपला होता.

"सत्यभामाबाई, इले पाज," मैनाबाई म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही.

सत्यभामेनं मुलीचा चेहरा बघितला, विळा टाकला, हात धुतले आणि खाली बसली. मुलगी आधी ओढेना. मग ओढायला लागली.

"बसा नं, मैनाबाई. अशा उभ्या काहून? मी खातो का काय तुमच्या पोरीले?" सत्यभामा म्हणाली. "पन तुमच्या घरून कोनी आलं, तर मी सांगन का तुमीच मले मारून पाजाले लावलं."

मैनाबाई त्या दिवसात पहिल्यांदा हसली, आणि मग रडली. सत्यभामेनं तिला रडू दिलं.

संध्याकाळी चंद्रभान शोधत आला. बायको मळ्यात आहे, मुलगी माळणीच्या अंगावर आहे, हे बघून बांधावरच थांबला. तो वाईट माणूस नव्हता, असं शालूमावशी नेहमी म्हणते. मला त्याचा काही उपयोग दिसत नाही. तो म्हणाला, "घरी चाल." मैनाबाई म्हणाली, "हिचा आवाज आला का येतो." तो आल्या वाटेनं निघून गेला.

दोन दिवस काही फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी रडली आणि ते रडणं मोटेवरच्या माणसानं ऐकलं.

बातमी घरी गेली तेव्हा गोदाबाईला आनंद झाला असावा, कारण तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. माळणीच्या दुधानं मुलगी तरली, म्हणजे मैनाबाईचं दूध विषारीच. तिनं निरोप धाडला: पोट्टी माळणीपाशी राहू दे, तू ये.

गेली असती तर गोष्ट इथेच संपली असती. मुलगी जगली असती, आणि मैनाबाई आयुष्यभर विषारी दुधाची बाई म्हणून त्या घराच्या मागच्या खोलीत राहिली असती. पण तीन दिवस ती सत्यभामेसमोर बसून होती आणि बघत होती.

"काय खाता वं तुमी?" तिनं विचारलं.

"मी?" सत्यभामेला प्रश्नच कळला नाही. "मले कोन विचारते? सकाळी भाकर. दुपारी भाकर. वरन असलं तं वरन. नाई तं जवसाची चटनी. बाजारात भाजी खपली नाई का तेच घरी. परवा अख्खं टोपलं मेथी उरली, तं दोन दिवस मेथीच खाल्ली आमी."

"पथ्य?"

"पथ्य केलं तं निंदन कोन करन, तुमची सासू?"

मैनाबाईला तेव्हा मागच्या उन्हाळ्यातली एक सकाळ आठवली. त्या वर्षी खुशालरावांनी भाव बघून सरकीसकट कापूस विकून टाकला होता, घरी रेचून सरकी काढायला ठेवलाच नाही. म्हशीला सरकी मिळाली नाही. घरात बाळंतीण नव्हती, म्हणून कोंडा-धुवणही नव्हतं; महिना-दीड महिना ती नुसत्या कडब्यावर राहिली आणि दुधावरची साय कागदासारखी झाली. खुशालराव गोठ्यात गड्यावर ओरडले होते आणि मैनाबाईनं ते भिंतीआडून ऐकलं होतं: "जनावराच्या पोटात गेलं नाई, तं दुधात कुठून येईन बे?" दुसऱ्या दिवशी बाजारातून सरकीची पोती आली.

त्या घरात दूध कशातून येतं हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्यांनी ते गोठ्यापुरतं माहीत ठेवलं होतं.

मैनाबाई पंधरा दिवस मळ्यात राहिली. सत्यभामेच्या हातची ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, तीळ, जवस, जी उरेल ती भाजी. आपलं दूध आटू नये म्हणून ते रोज हातानं काढून वांग्याच्या बुडाशी सांडायची. सत्यभामा म्हणायची, "यंदाची वांगी मी तुमच्या सासूलेच विकतो, मैनाबाई. पाहू कोन मरते तं." दहाव्या दिवसापासून तिनं मुलीला एक वेळ स्वतः पाजलं. मग दोन वेळा. मग सत्यभामेनं पाजणं थांबवलं. चार दिवस दोघी मुलीचं रडणं ऐकत बसल्या. मुलगी रडावी म्हणून आई वाट बघते, असे ते चार दिवस होते. रडणं खणखणीत राहिलं.

सोळाव्या दिवशी ती मुलीला घेऊन घरी गेली, आणि मागच्या दारानं नाही. ओट्यावर खुशालराव बसले होते, खाली चार-सहा गडी होते, दाराशी गोदाबाई. मैनाबाईनं पदर कपाळावर ओढला, मुलीला मांडीवर घेतलं आणि अंगणात तुळशीपाशी बसून सगळ्यांदेखत पदराआड पाजायला लागली.

"मारते ते तिले!" गोदाबाई धावली.

"चार दिसापासून मीच पाजून राहिली, आत्याबाई. इचारा मळ्यात."

"मुंगी मेली होती! साऱ्यायनं पाह्यलं."

तुळशीपाशी गोदाबाईच्या पूजेचं ताम्हण होतं, त्यात सकाळचं तीर्थ. मैनाबाईनं वृंदावनावरची एक मुंगी उचलली आणि त्या तीर्थात सोडली. मुंगीनं पाय झाडले. सगळे बघत राहिले. मुंगी थांबली.

"आता हे तीर्थ फेका, आत्याबाई. इषारी हाये."

एक गडी फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. खुशालराव उठून उभे राहिले. सून सासऱ्यासमोर एवढं बोलली, हेच त्या अंगणात आधी कधी झालं नव्हतं.

"मामाजी," मैनाबाई खाली बघतच म्हणाली, "तुमीच गोठ्यात म्हनलं होतं. पोटात गेलं नाई तं दुधात कुठून येईन. तांदळाचा कोंडा म्हशीले, धुवन म्हशीले, पेज म्हशीले. तिचं पारडू पाहा अन् माह्ये दोन लेकरं पाहा."

"म्हशीसंग सोताची बरोबरी करते का वं?"

"बरोबरी नाई मांगत, मामाजी. तिच्याएवढं ताट द्या."

त्यावर खुशालराव जे म्हणाले, ते शालूमावशी सांगते तेव्हा त्यांना समज आली अशा सुरात सांगते. मला तसं वाटत नाही. ते म्हणाले, "खाऊ द्या तिले काय खायचं ते. पोट्टीच तं हाये."

मुलगीच तर आहे. तिच्यावर कोणी प्रयोग केला तरी घराचं काही जात नव्हतं. म्हणून मैनाबाईला भाकर मिळाली. म्हणून मुलगी जगली. तिचं नाव कौशल्या ठेवलं.

हे मी थांबून थांबून लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही. त्याच साली धाकटी जाऊ वच्छला बाळंत झाली. मुलगा झाला. घराला वंश मिळाला. आणि वंशाच्या आईला ज्वारी कोण खाऊ घालील? अमरावतीहून आणखी बारीक तांदूळ आणवला. तो चारदा कांडला. मैनाबाई ताटाखाली लपवून भाकरीचा तुकडा न्यायची, तिळाची पुडी न्यायची. वच्छला सतरा वर्षांची. ती पुडी परत तिच्याच हातात कोंबायची.

"जाऊबाई, मले नका देऊ. लेकराले काई झालं, तं मले कापून टाकतीन."

"लेकराले काई होऊ नाई म्हनूनच देऊन राहिली, बाई."

"पन तुमची पोट्टी होती. माहा पोरगा हाये."

अकराव्या आठवड्यात त्या मुलाचा आवाज बसला. मैनाबाईनं घर डोक्यावर घेतलं, सत्यभामेला बोलवा म्हणून पायऱ्यांवर डोकं आपटलं. वंशाच्या तोंडात माळणीचं दूध नको, असं ठरायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत संपलं होतं.

मुलगी नको होती म्हणून वाचली. मुलगा हवा होता म्हणून मारला. मला याहून सौम्य वाक्य लिहिता येत नाही.

पुढच्या वर्षी अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचे भाव कोसळले. वाकी गेली, घुंगरू गेले, तांदूळ गेला. शेतात पुन्हा ज्वारी आली आणि ताटातही. वच्छलेला पुढे चार मुलं झाली, चारही जगली. घरावरची पीडा टळली, असं गोदाबाई मरेपर्यंत म्हणत होती. तिनं त्यासाठी कुठल्या कुठल्या देवीला साड्या नेसवल्या. भाव पडला आणि पोरं वाचली, या दोन गोष्टी तिनं कधी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. मैनाबाईनं सांगितलं तर म्हणायची, "तू आपली भाकर खा."

चंद्रभाननं दुसरी बायको केली नाही. मैनाबाईला आणखी दोन मुलं झाली. पण तिचे दात चाळिशीच्या आत पडले आणि कंबर वाकली. लेकरांना जे मिळालं नाही ते सोडून बाकी सगळं तिच्या हाडांनी दिलं असणार. गावात कोणी बाळंत झालं की ती पदरात भाकर बांधून जायची. काही घरं दार लावून घ्यायची. तिला त्यांचा शेवटपर्यंत राग होता. चार जणींनी समजावलं, आता म्हातारी झालीस, सोडून दे. तिनं सोडलं नाही.

कौशल्या परतवाड्याला दिली होती, खाऊनपिऊन सुखी घरात. तिचं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मैनाबाई बैलगाडीत ज्वारीचं पोतं, जवस आणि तीळ घालून तिथे पोचली. तिच्यासमोरच लेकीपुढे ताट आलं. पांढराशुभ्र भात, तूप, खडीसाखर. विहीणबाई कौतुकानं म्हणाली, "आमच्याइथं बाळंतिनीले हेच, बाई. सात पान्यानं धुतलेला."

मैनाबाईनं ताट उचललं, मागच्या दारानं गोठ्यात नेलं आणि म्हशीपुढे ठेवलं. म्हशीनं दोन घासांत संपवलं.

"अहो बाई! मानसाचं ताट जनावराले?" विहीण ओरडत मागे आली. "अन् भात एवढा वाईट हाये, तं म्हशीले चालते का?"

"तिले चालते," मैनाबाई म्हणाली. "तिच्यापुढं सरकीचं टोपलं हाये."